पंधरा मिनिटांची पट्टी

शिंदखेड्याहून रेल्वेने थेट सुरत गाठता येतं. सप्टेंबर 1994 मध्ये त्याच सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी आली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. महिनाभर आधी बीडच्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले होते. पण हा खरंच प्लेग का, हा वाद मिटेना. जंतूंच्या डीएनएवरून ‘हो, यर्सिनिया पेस्टिसच’ असा शोधनिबंध आला तो 2000 साली!

जंतू वाढवून ओळखायला दिवस लागतात. प्राण्याच्या सीरममध्ये अनेक अँटिबॉडींची सरमिसळ असते. त्यातली एखादी चुलत जंतूलाही चिकटते. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये यावर तोड दिली: एकाच पेशीच्या वंशातून एकच अँटिबॉडी. प्लेगच्या जंतूवरच्या एफ-1 या प्रथिनाच्या आवरणाला पकडणाऱ्या अशा अँटिबॉडींची पट्टी मादागास्करमध्ये तपासली गेली, 2003 मध्ये तिचे निकाल छापून आले. उत्तर पंधरा मिनिटांत.

पण थांबा. एफ-1 भरपूर बनतं ते 37 अंशांवर. थंडीत वाढवलेला जंतू पट्टीला चकवू शकतो. एफ-1 नसलेले वाणही असतात. म्हणून अँटिबॉडी निवडताना आधी विचारा: ही नेमकं काय पकडते, आणि जंतू ते कधी बनवतो?