थबकलेले पाऊल

शिकारी कुत्रा म्हटला की वाऱ्यासारखा धावणारा, सावजाच्या नरडीचा घोट घेणारा प्राणी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. दख्खनच्या पठारावरचा कारवान कुत्रा याच जातकुळीतला. दृष्टीस पडलेल्या सशामागे तो सुसाट सुटतो. युरोपात मात्र माणसाने शतकानुशतके खपून याच्या अगदी उलट स्वभावाचा कुत्रा घडवला. पक्ष्याचा गंध येताच तो जागच्या जागी थबकतो. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेने रोखलेले. पॉइंटर, सेटर या जाती त्याच घराण्यातल्या. माणसाची गरज बदलली तसतसा हा कुत्राही बदलत गेला, म्हणून त्याचा इतिहास आम्हांस सांगावासा वाटतो.

हे थबकणे माणसाने शून्यातून निर्माण केलेले नव्हे. कोल्हा काय, लांडगा काय, झेप घेण्यापूर्वी क्षणभर दबा धरतोच. ज्या कुत्र्यांत तो क्षण अधिक लांबला, त्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या केली गेली. तितराचा स्वभावही या कामी उपयोगी पडला. धोका जवळ आला तरी तितर लगेच उडत नाही. मातीच्या रंगाशी एकरूप होऊन दबून बसतो. इकडे कुत्रा स्तब्ध, तिकडे पक्षी स्तब्ध, आणि तेवढ्यात शिकाऱ्याला जवळ येण्यास अवसर मिळे.

आरंभी हा अवसर जाळ्यासाठी होता. फ्रान्समधील फ्वा परगण्याचा सरदार गास्तों फेबुस याने १३८७ साली एक शिकारग्रंथ लिहावयास घेतला. पक्ष्यांच्या शिकारीचे कुत्रे मूळचे स्पेनचे असून त्यांना दबून बसण्यास शिकवले की तितर व लावे जाळ्यात धरता येतात, असे त्यात नमूद आहे. इंग्लंडमधील वैद्य जॉन कीज याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिले. त्यातला सेटर आवाज न करता, पोट जमिनीला टेकवून सरकत जातो. तो थांबला की माणूस पक्ष्यांवर जाळे पसरतो.

पुढे चकमकीची बंदूक आली आणि सतराव्या-अठराव्या शतकांत उडता पक्षी टिपण्याची कला रूढ झाली. आता कुत्र्याने दबून बसण्याचे कारण उरले नाही. दुरून दिसेल असा तो उभा राहणेच सोयीचे ठरले. स्पॅनिश वळणाचा धिप्पाड, संथ पॉइंटर अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुळला. जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने १७६६च्या सुमारास त्याचे चित्र रंगवले.

जर्मनीतील कहाणी निराळी. १८४८च्या क्रांतीनंतर तेथे शिकारीचा हक्क सरदारांचा मक्ता न राहता जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे कुत्रे पदरी बाळगणे साध्या माणसास परवडणारे नव्हते. पक्षी दाखवणारा, पाण्यात पडलेले बदक आणणारा आणि जखमी हरणाचा माग काढणारा असा एकच कुत्रा त्याला हवा होता. आखूड केसांचे आणि राठ केसांचे जर्मन पॉइंटर घडले ते या गरजेतून.

इंग्लंडमध्ये याच सुमारास उलटे वारे वाहू लागले. १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर मागून काडतूस भरण्याची बंदूक तेथे पसरली. बार झटपट काढता येऊ लागले, तेव्हा हाकारे घालून पक्षी उठवण्याची पद्धत वाढली. त्यातच यंत्राने कापणी होऊ लागली. शेतातले खुंट आखूड झाले आणि तितरांचा आडोसा गेला. कुत्र्याचे काम घटू लागले, आणि नेमक्या त्याच काळात त्याचा सन्मान वाढला! १८५९च्या जूनमध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, ते केवळ पॉइंटर आणि सेटर यांचे. १८६५ साली साउथहिल येथे त्यांची पहिली मैदानी परीक्षा झाली. १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला. एडवर्ड लॅव्हरॅकने १८२५ साली घेतलेल्या एकाच जोडीपासून आपला सेटरांचा वंश बाहेरचे रक्त न मिसळता वाढवला, असे तो अभिमानाने सांगे. त्याच्या वंशावळींवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. शुद्ध रक्ताचे वेड ते हेच. शोभेचा सेटर आणि कामाचा सेटर आज नुसते पाहूनही वेगळे ओळखता येतात.

मात्र सर्वांत मोठा बदल शेतांत झाला. ज्या करड्या तितरासाठी हा सारा खटाटोप, त्याची ब्रिटनमधील संख्या १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. तणनाशकांनी तण मारले, तणावर जगणारे किडे गेले, आणि पहिले काही आठवडे किड्यांवरच वाढणारी पिले उपाशी मेली. बंदुकीने सहाशे वर्षांत जे केले नाही, ते फवारणीने एका पिढीत केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पक्ष्यांच्या शिकारीतली बंदूक सहाशे वर्षांची नाही आणि ती निर्दोषही नाही. दोष वाटून घ्यावा लागेल.

स्कॉटलंडच्या माळरानांवर ग्राउझ नावाचा तितराच्याच कुळातला पक्षी आहे. तेथे वसंतात आणि पुन्हा जुलैमध्ये पॉइंटर व सेटर घेऊन माणसे या पक्ष्यांची मोजणी करतात. यंदा शिकार किती करावी, की मुळीच करू नये, हे त्या आकड्यांवरून ठरवता येते. कुत्रा पूर्वीसारखाच थबकतो. पक्षी उठतात, माणूस वहीत आकडा लिहितो, आणि कुत्रा वाऱ्याकडे तोंड करून पुढच्या झुडपाकडे निघतो.