संत्र्याच्या बागेतला धूर

नागपूरजवळच्या कळमेश्वर भागात संत्र्याच्या बागेत धूर करायची जुनी रीत. आंबिया बहाराची फळं रंग धरू लागली, की अंधार पडताच रस शोषणारे पतंग बागेत उतरतात. सोंड खुपसलेल्या जागी सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं; मग तिथे डाग पसरतो आणि फळ गळतं. म्हणून माझे आजोबा दिवेलागणीला धुऱ्याजवळ काडीकचरा पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकत. जाळ नको, धूरच हवा. पौषातल्या कडाक्याच्या थंडीतही झाडं वाचवायला हाच उपाय.

पेटवण्याआधी ते चिमूटभर माती सोडून वारा बघत. वारा असला तर मेहनत वाया. निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागलेली हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. मग धूर वर न जाता बागेत आडवा पसरतो. आजोबांची सगळी भिस्त त्या झाकणावर होती.

झाकण आजही तेच आहे, त्याखाली साठणारं मात्र बदललं. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर कोराडीचं वीज केंद्र 1974 साली सुरू झालं, पुढे खापरखेड्याचं. आमच्याकडे एमआयडीसी आली, काटोल रोडवर ट्रक वाढले. उंच चिमणीचा धूर रात्री बऱ्याचदा झाकणाच्या वरच राहतो. सकाळी ऊन तापून झाकण फुटलं की तोच खाली उतरू शकतो. ट्रकचा धूर, रस्त्याची धूळ आणि जळती पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) यांना तर वर जायला वाटच नसते. मे महिन्यात तापलेली जमीन हवेला उंच उचलते, मृगाचा पाऊस तिला धुऊन काढतो. हिवाळ्यात यातलं काहीच मदतीला येत नाही.

पुढे नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) झालेली संस्था नागपुरात 1958 पासून आहे, पण हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची देशव्यापी मर्यादा 2009 साली ठरली: 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम. मला ही सरासरी अपुरी वाटते. दुपारची मोकळी हवा त्यात मिसळली की पहाटेची कोंडी आकड्यात दिसत नाही, आणि शाळेची पोरं, दूधवाले नेमके त्याच वेळी बाहेर असतात.

मी पऱ्हाटी जाळणं सोडलं; श्रेडरने कुट्टी करून वावरातच पसरवतो. ज्यांना श्रेडरचं भाडं परवडत नाही त्यांना एवढंच सांगतो, की दिवस कलल्यावर तरी काडी लावू नका.