गॉथिक पुनरुज्जीवन, महाराष्ट्रातील

मध्ययुगीन युरोपातील गॉथिक वास्तुशैली आणि तिच्यामागची कारागिरीची निष्ठा नव्याने रुजवणारी एकोणिसाव्या शतकातील चळवळ. इंग्लंडमध्ये वास्तुकार प्यूजिनने तिला धर्मनिष्ठेचा पाया दिला. कलासमीक्षक रस्किनने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मध्ये (१८५१–५३) यंत्राच्या साचेबंद सफाईपेक्षा पाथरवटाच्या मोकळ्या हाताला श्रेष्ठ मानले.

मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) हे या शैलीचे आरंभीचे उदाहरण. पुढे कापसाच्या तेजीने पैसा आला, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोठ्या सार्वजनिक इमारतींना जागा मिळाली. व्हेनिसच्या धर्तीवरील कमानदार सज्जे येथील ऊन-पावसाला मानवले. विद्यापीठाचा २८० फुटी राजाबाई मनोरा (१८७८) इंग्रज वास्तुकार गिल्बर्ट स्कॉटने भारतात पाऊलही न ठेवता आखला. प्रत्यक्षात तो स्थानिक हातांनी उभा राहिला. त्यावर पश्चिम भारतातील विविध जातीजमातींच्या २४ मूर्ती असून त्यांचे श्रेय मुकुंद रामचंद्र या अभियंत्याला दिले जाते. युरोपीय शैलीच्या मनोऱ्यावर इथली माणसे आपापल्या पेहरावात उभी आहेत, हे त्याचे खरे मोल.

कारागिरीच्या आदर्शाला मुंबईत आधार मिळाला तो जे. जे. कलाशाळेचा (स्थापना १८५७). १८६५ मध्ये येथे शिकवायला आलेल्या लॉकवुड किपलिंग यांनी क्रॉफर्ड मार्केटची उठावशिल्पे केली. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (१८७८–८८, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दगडी नक्षीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. पानाफुलांच्या वेलबुट्टीत मोर व माकडे डोकावतात. मात्र असंख्य पाथरवटांची नावे कुठेही नोंदली गेली नाहीत. कारागिराला मान देणाऱ्या चळवळीतील ही मोठी उणीव होय.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याशी या इतिहासाचा धागा अजिंठ्यात जुळतो. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या नक्षीकामावर देखरेख करणारे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह, त्यावेळी निजामाच्या मुलखात असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. लंडनला पाठवलेल्या बऱ्याच प्रतिकृती तेथील आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा या चित्रांवरील द्विखंडी ग्रंथ १८९६–९७ मध्ये निघाला. उरलेल्या प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असून अजिंठ्यात पुढे झिजलेल्या चित्रांच्या अभ्यासाला त्यांचा आजही आधार होतो.