तीनशेचे साडेचारशे

१९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. मदरबोर्डच्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला तो साडेचारने गुणत असे; म्हणून ३००. हौशी मंडळींनी ठोकाच १०० केला आणि ४५० मिळवले! चिप अडखळलीच तर व्होल्टेज २.० वरून २.२ करत. इथे थोडे गणित करू. उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे १.५ × १.२१, सुमारे १.८ पट. आम्हाला तर पंख्याचीच कीव येते. तापलेली चिप आधी चुकते, मग संगणक बंद पडतो. जादा व्होल्टेजने मात्र ट्रान्झिस्टरमधला पातळ ऑक्साइड थर कायमचा झिजतो. खुद्द इंटेललाही २००० साली १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री परत घ्यावा लागला. काही प्रोग्राम चालवताना तो चुकत होता.