शिआनच्या दक्षिणेस एक दिवस

चीनमधील शिआन नगरास जाणारा बहुतेक प्रवासी पूर्वेची वाट धरतो. नगरापासून सुमारें ३५ किलोमीटरांवर लिशान पर्वताच्या पायथ्याशीं पहिला सम्राट छिन् शि ह्वांग याची समाधीची टेकडी आहे. आणि तिच्याजवळच, १९७४ सालीं विहीर खणतांना शेतकऱ्यांस सांपडलेली मातीच्या सैनिकांची ती प्रसिद्ध सेना. तें सर्व आम्हींही पाहिलें. त्याविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालण्याची आम्हांस इच्छा नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही दक्षिणेस गेलों, त्याची हकीकत मात्र महाराष्ट्रीय वाचकांस सांगण्यासारखी आहे. कारण ज्या पुरुषाच्या अस्थींसाठीं तेथील मनोरा उभारला गेला, त्याच्या साक्षीवर आपल्या सातव्या शतकाच्या इतिहासाचा बराच भार आहे. हा पुरुष म्हणजे ह्युएनत्संग.

शिआन म्हणजे तांग घराण्याची राजधानी चांगआन. नगराबाहेर सुमारें २० किलोमीटर गेल्यावर रस्ता शाओलिंग नांवाच्या पठारावर चढतो. वाऱ्यानें शतकानुशतकें वाहून आणलेल्या पिवळ्या मातीचें हें पठार आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची संवय झालेल्या आमच्या डोळ्यांस त्या मातीच्या उभ्या दरडी पाहून, ह्या पहिल्या पावसांतच कोसळतील, असें वाटलें. पण तशा त्या कोसळत नाहींत. पठाराच्या कडेस शिंगच्याव मंदिर आहे. त्याच्यापुढें खालीं दरी आणि दरीपलीकडे चुंगनान पर्वत. आम्ही पोहोंचलों तेव्हां धुक्यामुळें पर्वत असल्याची खूणही दिसत नव्हती.

मंदिराच्या आवारांत विटांचे तीन मनोरे आहेत. मधला पांच मजल्यांचा, सुमारें २१ मीटर उंच, तो ह्युएनत्संगाचा. दोन्ही अंगांस तीन तीन मजल्यांचे दोन ठेंगणे मनोरे. एक त्याचा शिष्य ख्वेइची याचा व दुसरा कोरियांतून आलेल्या वोनछुक नामक पंडिताचा. इ. स. ६६४ सालीं ह्युएनत्संग वारला तेव्हां त्यास दुसऱ्या एका पठारावर पुरलें होतें. पांच वर्षांनीं त्याच्या अस्थि येथें आणल्या. तें पहिलें थडगें राजवाड्यांतून दिसे व सम्राटास शोक अनावर होई, म्हणून ही व्यवस्था केली, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. पण सम्राटांच्या त्या प्रेमाचा जांच ह्युएनत्संगास जिवंतपणींही कमी झाला नव्हता.

परवानगीवांचून देश सोडून गेलेला हा भिक्षु इ. स. ६४५ सालीं ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनास परतला. शाओलिन मंदिराच्या एकान्तांत बसून त्या ग्रंथांचें भाषांतर करावें, एवढीच त्याची विनंती होती. सम्राट ताइत्सुंगानें ती नाकारली. चीवर टाकून राज्यकारभारांत यावें, असा उलट आग्रह केला. तो आग्रह भिक्षूनें मानला नाहीं. परंतु पश्चिमेकडील देशांचें वर्णन लिहून द्यावें, ही आज्ञा मात्र त्यास पाळावी लागली. दुसऱ्याच वर्षीं, ६४६ मध्यें, तें प्रवासवर्णन पुरें झालें. ह्युएनत्संगानें सांगावें व प्येनची नांवाच्या तरुण भिक्षूनें लिहावें, असा क्रम होता. पुढें एका राजकन्येशीं संबंध ठेवल्याच्या आरोपावरून ह्या लेखकास देहान्त शिक्षा झाली.

हें सारें सांगण्याचें कारण असें. पुलकेशीच्या महाराष्ट्राविषयीं आपल्याजवळ मुख्य साक्षी दोन: इ. स. ६३४ चा रविकीर्तीचा ऐहोळे येथील शिलालेख आणि हें चिनी वर्णन. पहिला उघडच राजस्तुतीचा. म्हणून दुसऱ्यास आपण निःपक्षपाती परकी साक्ष मानतों. आम्हीही वर्गांत अनेक वर्षें तसेंच सांगत आलों. पण त्या मनोऱ्याखालीं उभें असतां प्रथमच मनांत आलें, कीं हें वर्णनही एका सम्राटासाठींच लिहिलेलें आहे. आणि कोणाचें सैन्य किती, हत्ती किती, कोण राजा कोणास वांकत नाहीं, हें जाणण्याची त्या सम्राटास विशेष आवड होती. हर्षापुढें न नमणारा पुलकेशी त्यांत इतका ठळक कां, ह्याचें एक उत्तर येथें असावें. वर्णन त्यामुळें खोटें ठरत नाहीं. परंतु प्रश्न विचारणारा कोण होता, हें विसरून उत्तर वाचूं नये.

आपण तें उत्तर तरी पुरतें कोठें वाचतों? येथील लोक उपकार स्मरणारे, शरणागतास न मारणारे, शत्रूस आधीं सूचना देऊन मग चालून जाणारे, एवढा भाग प्रत्येक उत्सवांतील व्याख्यानांत ऐकूं येतो. त्याच ठिकाणीं लिहिलें आहे कीं, लढाईपूर्वीं वीर मद्य पीत, हत्तींसही पाजीत. आणि अशा वीरानें वाटेंत कोणास ठार केलें तरी कायदा त्यास शिक्षा करीत नसे. हा भाग आम्हीं व्याख्यानांत कधीं ऐकला नाहीं, आणि, खरें सांगावयाचें तर, स्वतःही कधीं म्हटला नाहीं. ह्युएनत्संग महाराष्ट्रांतून गेल्यावर थोड्याच काळांत, ६४२ च्या सुमारास, पल्लव नरसिंहवर्म्यानें वातापी जिंकली.

मंदिराचें आवार १९ व्या शतकांतील बंडाळींत जळालें. मनोरे तेवढे वांचले. २०१३ सालीं निराळेंच संकट आलें. हीं स्थळें जागतिक वारशांत नोंदवावयाचीं होतीं, तेव्हां भिक्षूंच्या खोल्या, भोजनगृह इत्यादि नव्या इमारती प्राचीनतेस शोभत नाहींत म्हणून पाडाव्या, असें स्थानिक अधिकाऱ्यांच्या मनांत आलें. देशभर ओरड झाली आणि तो बेत मागें पडला. २०१४ सालीं मनोऱ्यांची नोंद झाली, ती भिक्षूंसह. भिक्षु नसलेला तो मनोरा कसा दिसला असता, हें अजिंठ्याच्या रिकाम्या विहारांत वावरलेल्या माणसास सांगावें लागत नाहीं.

दोन प्रहरीं भोजनाची सूचना झाली व चारपांच भिक्षु आमच्याकडे न पाहतां आवार ओलांडून गेले. आम्ही दरीच्या कडेस येऊन बसलों. धुकें विरळ होऊं लागलें होतें. चुंगनानची निळी रांग प्रथम शिखरांकडून, मग हळूहळू खालपर्यंत दिसूं लागली.