लेव्हलची पट्टी आणि भाटघरचे पाणी

स्थापत्य अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्याचा सर्वांत दगदगीचा आठवडा कोणता असे विचारा. परीक्षेच्या खालोखाल तो सर्व्हे कॅम्पचे नाव घेईल. पहाटे तिपाई खांद्यावर टाकून निघायचे, एकाने डंपी लेव्हलमधून पाहायचे, दुसऱ्याने दूरवर पट्टी सरळ धरून उभे राहायचे, तिसऱ्याने वहीत आकडे लिहायचे. रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात त्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची आणि जिथून निघालो तिथेच परत येऊन उंची तीच निघते का, ते पाहायचे. सहसा निघत नाही! मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डोंगर.

हा खटाटोप जुना आहे. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंग क्लास व मेकॅनिकल स्कूल सुरू झाले ते सरकारी बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याकरिता. रस्ते, पूल, कालवे, लोहमार्ग यांची कामे वाढत होती आणि प्रत्येक कामासाठी विलायतेहून माणूस आणणे परवडणारे नव्हते. पुढे याच शाळेचे सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज झाले, मग कॉलेज ऑफ सायन्स, आणि १९११ साली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. कॉलेज ऑफ सायन्सच्या काळात थिओडोर कुक हे तिथे प्राचार्य होते. हे गृहस्थ मूळचे रेल्वेचे पूल बांधणारे अभियंते, पण आज त्यांचे नाव राहिले आहे ते मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या ग्रंथामुळे. विषयांच्या भिंती तेव्हा इतक्या उंच नव्हत्या, हे शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८८१ साली या महाविद्यालयात बंगळूरहून बी. ए. होऊन, म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण आला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८८३ च्या परीक्षेत तो पहिला आला आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला.

तो शिकत होता त्याच दशकात पुण्याच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरांवर, भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर एक दगडी धरण उभे राहत होते. जुन्या इंग्रजी कागदांत नदीचे नाव येळवंडी असे येते. १८७६-७७ च्या दुष्काळाने नीरा कालव्याच्या कामाला जोर आला होता. वेल्ह्याच्या बाजूची गुंजवणी, भोरकडची वेळवंडी आणि स्वतः नीरा अशा नद्यांना सह्याद्रीच्या माथ्यावरचा भरपूर पाऊस मिळतो, आणि पूर्वेला पन्नास-साठ मैलांवर बारामती-इंदापूर कोरडे! डोंगरातले पाणी पावसाळ्यात अडवायचे, हिवाळ्या-उन्हाळ्यात नदीतून सोडायचे आणि वीर येथे ते कालव्यात वळवायचे, अशी योजना होती. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. भाटघरच्या धरणाची उंची सुमारे १२७ फूट होती. ते बांधणाऱ्या व्हायटिंग या अभियंत्याच्या नावाने जलाशयाला लेक व्हायटिंग म्हणत.

आता आपल्या पट्टीकडे वळू. धरणाची उंची ठरली की पाणी कुठवर पसरणार, हे लेव्हल सांगते. नदीकाठची भातखाचरे जवळजवळ सपाट असतात. समजा, जमिनीचा उतार शंभराला एक आहे. अशा ठिकाणी पातळीच्या मोजणीत एका फुटाची चूक झाली तर पाण्याची कड नकाशावर शंभर फूट सरकते. म्हणजे कुणाचे खाचर बुडणार आणि कुणाचे राहणार याचा निकाल वहीतल्या एका आकड्यात असतो. कालव्याचेही तसेच. त्याला उतार फार थोडा द्यायचा असतो, शंभरेक मैलांच्या वाटेवर चूक साठत गेली तर पाणी पुढे जाणारच नाही. म्हणून मागची आणि पुढची पट्टी यंत्रापासून सारख्याच अंतरावर ठेवण्याचा नियम शिकवतात. तसे केले की यंत्रातला दोष आणि पृथ्वीची वक्रता या दोन्हींचा परिणाम आपोआप वजा होतो. वक्रता क्षुल्लक वाटते, पण एक किलोमीटरवर ती सुमारे ८ सेंटिमीटर भरते.

विश्वेश्वरय्या १८९९ साली पुणे भागाच्या पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता होऊन परतले. मुठा आणि नीरा हे दोन्ही कालवे त्यांच्याकडे आले. कालव्याचे पाणी वरच्या भागातल्या उसालाच संपू नये, ते खालच्या अधिक गावांना पाळीपाळीने मिळावे, म्हणून त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. सुरुवातीला तिला शेतकऱ्यांचा विरोध झाला. १९०३ साली खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले आणि धरण न वाढवता साठा वाढला.

स्वयंचलित दरवाजे भाटघरलाही आहेत. ते एकाच जातीचे नसतात, पण एका प्रकारचे तत्त्व वर्गात दाखवता येते. दरवाजा साखळीने एका वजनाला तोललेला असतो आणि ते वजन हौदात लोंबते. तलावाची पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की पाणी हौदात शिरते. वजन बुडते, आर्किमिडीजच्या नियमाने हलके होते, दरवाजा जड ठरून खाली सरकतो आणि पाणी त्याच्यावरून वाहू लागते. पूर ओसरला की हौद छोट्या भोकातून रिकामा होतो, वजन पुन्हा जड होते, दरवाजा वर येतो. पाण्याच्या अडीचपट घनतेचा दगड पाण्यात दोन पंचमांश वजन गमावतो, म्हणून दगडाचे वजन यासाठी सोयीचे. लोखंड जेमतेम अष्टमांशच गमावते. कप्पी, दोरा, डबा आणि दगड एवढ्या साहित्यात हा प्रयोग होतो. डब्याला भोक पाडायला मात्र विसरू नये.

विसाव्या शतकात कालव्यांची गरज वाढली. जुन्या धरणाच्या खालच्या बाजूला सुमारे १९० फूट उंचीचे नवे धरण बांधले गेले. १९२८ साली पूर्ण झालेल्या या धरणाला गव्हर्नरांच्या नावावरून लॉइड धरण म्हणत. आज जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. त्याचा साठा सुमारे २३.५ अब्ज घनफूट आहे आणि ८१ दरवाजांपैकी ४५ स्वयंचलित आहेत. या साठ्यासाठी वेळवंडीच्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. पाणी मात्र खाली बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते, आणि काठावरच्या डोंगरवाड्या उन्हाळ्यात हंडा घेऊन उतरतात. लेव्हलच्या वहीत या गोष्टीसाठी रकाना नसतो.

वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. जलाशय उन्हाळ्यात उतरला की कांबरे गावाजवळचे कांबरेश्वराचे देऊळ पाण्याबाहेर येते. जून-जुलैत पाऊस लागला की पायऱ्या बुडतात, मग गाभारा, आणि पाणी पुन्हा त्या मोजलेल्या रेषेकडे चढू लागते.