काळ्या मातीवरील घरांना तडे का जातात?

यवतमाळ जिल्ह्याला कापसाचा जिल्हा अशी ओळख देणारी काळी कसदार माती बांधकामाच्या दृष्टीने मात्र अवघड मानली जाते. वर्धा, पैनगंगा, बेंबळा, अडाण, अरुणावती व पूस या नद्यांच्या खोऱ्यांत तिचा थर जाड आहे. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरील हलक्या बांधकामालाही आपल्याबरोबर वर-खाली हलवते. भिंतींना तडे जाणे, दारे चौकटीत अडकणे, फरशी मधोमध उचलली जाणे या तक्रारींचे मूळ अनेकदा पायाखालच्या मातीत असते. दोष मात्र सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो.

मातीचा स्वभाव

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसापासून दख्खनचा बेसॉल्ट खडक तयार झाला. तो झिजून ही माती बनली. वणी व झरी जामणी परिसरातील वाळूचा खडक, चुनखडी आणि कोळशाचा पट्टा वगळता जिल्ह्याचा बहुतांश भाग याच खडकावर वसला आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. फुगण्यास अटकाव झाल्यास तिचा वर ढकलणारा दाब दर चौरस मीटरला २० टनांच्या पुढे जाऊ शकतो. एकमजली घराचे वजन या दाबापुढे अपुरे पडते. म्हणूनच जड इमारतींपेक्षा लहान घरांना याचा त्रास अधिक होतो.

‘काळी’ आणि ‘पांढरी’

जुन्या ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. घरे पांढरीवर आणि पिके काळीवर, अशी ही विभागणी होती. जुन्या मातीच्या घरांत छताचा भार बहुधा लाकडी खांबांवर असे. भिंत भेगाळली तरी छत तोलून राही आणि भेगा दरवर्षीच्या लिंपणात बुजत. आता गावे व शहरे वाढून ले-आउट थेट शेतजमिनीवर पडत आहेत आणि विटा-सिमेंटची ताठर भिंत थोडीही हालचाल सहन करू शकत नाही.

याचा सर्वाधिक फटका मर्यादित पैशांत घर बांधणाऱ्यांना बसतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी मूळ अर्थसाहाय्य १ लाख २० हजार रुपये आणि घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविण्यात आले होते. एवढ्या रकमेत एकदा चुकलेला पाया पुन्हा घालणे शक्य नसते.

तडे ओळखण्याची रीत

गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषा सहसा निरुपद्रवी असतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघणारा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा आणि ऋतूनुसार रुंद-अरुंद होणारा तडा मात्र मातीच्या हालचालीचा असतो. घराखालची जमीन उन्हापासून झाकलेली असल्याने तेथे ओल टिकून माती वर येते. कडेची माती उन्हाळ्यात सुकून खाली बसते. परिणामी मधली फरशी फुगते आणि बाहेरच्या भिंती बाहेर कलतात. भिंतीलगतची मोरी, शोषखड्डा किंवा गळकी जलवाहिनी एकाच कोपऱ्याला पाणी देत असेल, तर हा असमतोल वाढतो. भिंतीजवळचे मोठे झाड मातीतील ओल शोषून उलट परिणाम घडविते.

बांधण्यापूर्वी

मातीची परीक्षा साधी आहे. भारतीय मानक आय.एस. २७२० च्या ४० व्या भागानुसार वाळविलेल्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन नमुने घेतात. एक पाण्यात आणि दुसरा रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. त्यामुळे दोन्हींच्या आकारमानातील फरकावरून फुगण्याचे प्रमाण कळते. ते ५० टक्क्यांच्या पुढे गेल्यास विशेष पाया आवश्यक ठरतो.

काळ्या मातीचा थर मीटर-दीड मीटरच असेल, तर तो काढून कठीण मुरमावर पाया घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय. थर खोल असल्यास रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात विकसित केलेला, तळाशी फुगवटा असलेला ‘अंडर-रीम्ड पाइल’ उपयोगी पडतो. फुगवट्याचा व्यास साधारणपणे खांबाच्या अडीच पट असतो. आय.एस. २९११ च्या तिसऱ्या भागानुसार खोल काळ्या मातीत हे खांब किमान साडेतीन मीटर उतरवावे लागतात, कारण त्या खोलीवर ऋतूंची हालचाल नगण्य होते. खांबांवरील बीम आणि जमीन यांत किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा ठेवतात.

आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे एक मीटरचा थर देण्याची पद्धत मांडली. योग्य प्रतीचा, नीट दाबलेला मुरूम हे काम करतो. वाळू मात्र पाणी खाली झिरपू देते. खोदलेली काळी माती जोत्याच्या भरावात वापरणे ही नेहमी होणारी आणि सहज टाळता येणारी चूक आहे.

कंटेनरची घरे

जहाजी कंटेनर वापरून केलेली शेतघरे व कार्यालये या संकटातून सुटतात, हा समज अर्धाच खरा आहे. २० फुटी कंटेनर रिकामा सुमारे सव्वादोन टन भरतो. त्याचा भार चार कोपऱ्यांवर असतो. काळ्या मातीतील उथळ चौथऱ्यांपैकी एक वर आला, तरी पेटीला पीळ बसतो आणि दारे लागत नाहीत. जॅक लावून तो पुन्हा समपातळीत आणता येतो, ही त्याची जमेची बाजू. मात्र त्याच्या पन्हाळीदार पोलादी भिंती जेमतेम दोन मिलिमीटर जाड असून ताकदीचा भाग आहेत. खिडकीसाठी त्या कापल्यास भोवती पोलादी चौकट वेल्डिंगने बसवावी लागते. वादळी वाऱ्यासाठी पेटी पायाला जखडणे आणि विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हासाठी उष्णतारोधक थर देणेही अपरिहार्य आहे.

तडे गेल्यावर

तडा लगेच बुजवू नये. त्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर रुंदी मोजावी. दरम्यान गळती थांबवावी, शोषखड्डा दूर न्यावा आणि घराभोवती सुमारे दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करावा. ओल स्थिर झाली की अनेक तडे वाढायचे थांबतात. त्यानंतरच दुरुस्ती टिकते. तडा ५ मिलिमीटरहून रुंद असेल, किंवा कॉलम, बीम अथवा स्लॅबमध्ये असेल, तर विलंब न लावता संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.